जागं राहण्याचं काम

बाबा, मला झोप येत नाही म्हणून मी कुडाळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते आणि त्यांनी मला गाणी ऐकायला सांगितली. कागदावर नीट लिहून दिलं: रोज एकाच वेळेला, अंथरुणावर पडून, पाऊण तास. संथ असावं, आवाज बारीक असावा, शब्द नसले तर बरं. पहिल्या चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका, निदान तीन-चार आठवडे करा. गोळ्यांची सवय लागण्यापेक्षा हे बरं, पुष्कळांना उपयोग होतो, असंही म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या बोलत होत्या आणि मला हसू यायला लागलं. ते आवरेना म्हणून तोंडाला पदर लावला, तर त्यांना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी प्यायले, बरं म्हटलं आणि बाहेर आले. गाण्याने माणसाला झोप कशी लागते हे त्या मला शिकवत होत्या, बाबा. मला.

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. आता तारकर्लीला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी पाच खोल्या आहेत. पुण्या-कोल्हापूरची माणसं येतात, पोटभर मासे जेवतात आणि सकाळी नऊला डोळे चोळत बाहेर येऊन सांगतात, "काकू, काय झोप लागते हो तुमच्याकडे." मी त्यांच्या पानात घावणे वाढते. मी तोवर साडेतीनपासून जागी असते. गेल्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. समुद्र दोनशे पावलांवर, आणि ती दोघं मोबाइलवर समुद्राचा आवाज लावून झोपली होती. त्यांच्या दारावरून जाताना मला दोन समुद्र ऐकू आले आणि इतका राग आला की हातातली बादली मी अंगणात आपटली. दोघं दचकून बाहेर आली. मी सॉरी म्हटलं, मांजर होतं म्हटलं. राग त्यांच्यावर नव्हताच. ज्याच्यावर होता तो माणूस आता ऐकायला नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत मला मसुऱ्याला आतेकडे पाठवलं होतं. तिथून मला घेऊन आले तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि आईला न्यायची तयारी झाली होती. दम्याने गेली, एवढंच मला सांगितलं. तेरावं झालं, आते परत गेली, आणि घरात आपण दोघंच उरलो. त्या रात्री तुम्ही पेटी काढलीत. गावच्या भजनात पेटी तुमचीच असायची. मलाही तुम्ही थोडं शिकवलं होतं, त्यामुळे मला बरंच वाटलं, घरात काहीतरी वाजणार म्हणून. "म्हण गो," तुम्ही म्हणालात, "माका झोप येईसर म्हण." मी म्हणायला लागले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. तीन अभंग झाले, चौथा झाला, मी थांबले. "थांबलंस कित्याक?" तुम्ही तिकडेच तोंड ठेवून विचारलंत. ती पहिली रात्र. तिथून पुढे तेरा वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, रोज.

ते कसं करायचं असतं हे तुम्ही कधी पाहिलं नाही, तुमचे डोळे मिटलेले असायचे. म्हणून सांगते. पहिला अभंग नेहमीच्या लयीत म्हणायचा. दुसऱ्यात लय थोडी ओढायची, ओढली हे कळू नये एवढीच. तिसऱ्यात शब्द गिळायला लागायचं. मग नुसतं गुणगुणायचं, मग तेही सोडून पेटीवर दोन सूर धरून बसायचं. आणि हा सगळा वेळ कान तुमच्या श्वासाकडे. श्वास लांबला की भाता हळूहळू रिकामा होऊ द्यायचा, एकदम सोडला तर तुम्ही जागे व्हायचात. पेटी झाकायची नाही, कारण कडी खट्ट वाजायची. तशीच उघडी टाकून, हातावर रेटा देत उठायचं, बांगड्या वर सारायच्या आणि पाय न घासता दाराकडे जायचं. मी दारापर्यंत पोचते आणि मागून येतं, "थांबलंस कित्याक?" मग परत पहिल्यापासून. कधी तास, कधी दोन तास. तुम्हाला लागली तरी मला कुठली लागतेय. मी माझ्या चटईवर पडून तुमचा श्वास मोजत असायची, कारण तुम्ही मध्येच उठलात तर हाक मारायच्या आत मला पेटीपाशी असायला हवं, असं मला वाटायचं. असं कुणी सांगितलं नव्हतं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला आपोआप कळतं ते.

सातवीत तुम्हीच आमचे वर्गशिक्षक होतात. दुपारच्या सुट्टीनंतर भूगोलाचा तास. वारा नाही, कौलं तापलेली, आणि माझं डोकं बाकावर टेकलेलं. तुम्ही नाव घेऊन मला उठवलंत. शाळेत तुम्ही मालवणी बोलत नव्हता, माझ्याशीही नाही. "उभी राहा. रात्री काय करत असतेस?" वर्ग हसला. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं की तुम्ही विसरलात, आणि एका क्षणात तुम्हाला आठवेल, आणि तुम्ही खाली बस म्हणाल. "उत्तर दे. झोपायचं सोडून रात्री काय करत असतेस?" तुम्ही हात पुढे करायला लावलात आणि दोन पट्ट्या मारल्यात. संध्याकाळी घरी तुम्ही त्या हाताला खोबरेल तेल चोळलंत. तेही मी विसरलेले नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण तेल चोळून झालं, जेवणं झाली आणि तुम्ही पेटी माझ्यापुढे सरकवलीत. त्याच हाताने मी वाजवलं. त्या वर्गातली एक मैत्रीण अजूनही मालवणच्या बाजारात भेटली की मला 'झोपाळू' म्हणून हाक मारते. तिला गंमत वाटते. मी तिच्याशी हसून बोलते आणि घरी येईपर्यंत दात आवळून बसते.

काका मुंबईहून चतुर्थीला टेपरेकॉर्डर घेऊन आले तेव्हा मी पंधरा-सोळाची असेन. "चेडवाक हाडलंय," म्हणाले. इतकी मोठी वस्तू मला कुणी कधी दिली नव्हती. ती हातात घेतली तेव्हाच माझ्या डोक्यात सगळं ठरलं. गणपती गेल्यावर एका दुपारी दारं लावून, परसातल्या कोंबड्या हाकलून, मी कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. तुमच्या आवडीचे सगळे अभंग, लय उतरवत उतरवत, शेवटी नुसते दोन सूर. रात्री ती लावून टेप माझ्या जागेवर ठेवला आणि मी स्वयंपाकघरात चटई टाकून आडवी झाले. किती हुशार आहोत आपण, असं मला वाटत होतं. दहा मिनिटांत तुमची हाक आली. टेप तुम्ही बंद केला होता. "ह्यो माझोच आवाज आसा, बाबा," मी म्हटलं.

"आवाज तुझोच," तुम्ही म्हणालात. "पण ह्यां वाजतच रवता. मी झोपलंय काय नाय, ह्यां ह्याका खंय कळता?"

मी पेटीपाशी बसले. टेपरेकॉर्डर पुढच्या आठवड्यात तुम्ही शाळेला देऊन टाकलात, मला न विचारता. काकांना सांगितलंत की चेडवाला अभ्यासात अडथळा होतो.

बारावीनंतर सावंतवाडीला डी.एड.ला माझा नंबर लागला. वसतिगृहात जागाही मिळाली. तुम्ही स्वतः फॉर्मवर सही केलीत. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, तेवढी धमक माझ्यात तेव्हा होती. पण तुम्ही नाही म्हणालाच नाहीत. जायच्या आठ दिवस आधी म्हणालात, "आता म्हणू नको, माझी सवय मोडूक व्हयी." आणि तुम्ही झोपायचंच सोडलंत. रात्रभर पडवीत तुमच्या चालण्याचा आवाज. मी आत पडून तो ऐकतेय, उठू की नको, उठू की नको. पाचव्या दिवशी तुम्ही शाळेत फळ्यासमोर कोसळलात. चार जणांनी उचलून घरी आणलं. शेजारची काकी माझ्या भरलेल्या ट्रंकेकडे बघत म्हणाली, "बापूस मराक टेकलो आणि तू खंय चललंस गो?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बोललात तर बरं, असं मला वाटत होतं. थांब तरी म्हणा, जा तरी म्हणा. "तुझां तू बघ," तुम्ही म्हणालात. "मी काय सांगूचंय नाय." ट्रंक मी रिकामी केली. त्या रात्री तुम्ही दोन अभंगांत झोपलात. मी गुरुजींची मुलगी, मी शिक्षिका झाले असते. झाले नाही. पुढे आतेने लग्न ठरवलं म्हणून तेवढं तरी झालं.

तर, डॉक्टरीणबाईंचं गाणं. लेकीने पुण्याहून एक लहानसा स्पीकर पाठवला आणि फोनवर बासरी, संतूर असलं काय काय भरून दिलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी दहा वाजता दिवा घालवून पडायला लागले. बासरी सुरू झाली की माझे कान नवऱ्याच्या श्वासाकडे. त्याचा श्वास लांबला की माझी बोटं चादरीवर हलायला लागायची, आता लय उतरवायला हवी म्हणून. बासरीवाला लय उतरवायचा नाही. त्याला कुणी झोपलंय की नाही काही कळत नव्हतं. मला त्याचा इतका संताप यायचा की छातीत धडधडायचं. पाऊण तास संपला की मी आधीपेक्षा जास्त जागी. पंधरा दिवस असं केलं आणि परत कुडाळला गेले. उपयोग नाही म्हणून सांगायला गेले होते, पण बाईंनी साधंच विचारलं, "लहानपणी घरी गाणं होतं का?" आणि मी सगळं सांगितलं. पट्ट्या, टेप, ट्रंक, सगळं. आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही ऐकतच नाही आहात," त्या म्हणाल्या. "गाणं लागलं की तुम्ही कामाला लागता."

मग म्हणाल्या, भजन नको, पेटी तर नकोच. जे वडिलांनी कधी ऐकलंही नसेल असं काहीतरी घ्या. थोडे दिवस दुपारी ऐका, शेजारी कुणी झोपलेलं नसताना. "आणि रात्री लावाल तेव्हा बंद करायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."

मी त्या दिवशी घरी न येता मसुऱ्याला आतेकडे गेले. ती आता नव्वदीला आली आहे. अंगणात सुपातली कोकमाची सोलं उलटीपालटी करत बसली होती. मी तिला सरळ विचारलं, "आते, बाबांका झोप कित्याक येय नाय होती?" तिचे हात थांबले. "तुका कोणी सांगूक नाय?" म्हणाली. मग तिने सांगितलं. "तुझी आवस गेली त्या राती तो तिच्या बाजूक झोपललो. तिका श्वास घेवक मिळाक नाय. तिणा हलवल्यान असतला, हाक मारल्यान असतली. ह्येका जाग इली नाय. सकाळी उठलो तर ती थंड." तेराव्याच्या रात्री तुम्ही हे तिला सांगितलं होतंत. म्हणाला होतात की आता घरात कुणीतरी जागं असल्याशिवाय तुम्हाला झोप येणार नाही. "त्याका गाणां नको होतां गो," आते म्हणाली. "त्याका राखण व्हयी होती."

"आणि ह्यां म्हायत असून तुम्ही माका थंय ठेवून इलात?" मी तिला विचारलं.

तिने परत सोलं उलटायला घेतली. "माझी चार पोरां होती गो बाय," एवढंच म्हणाली.

हे ऐकल्यावर माझा राग उतरायला हवा होता ना? कथेत उतरतो. माझा वाढला. मसुऱ्याहून परतताना बसमध्ये मी खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की शेजारच्या बाईने विचारलं, ओकारी येते काय. बाबा, मी राखण होते. अकरा वर्षांची राखण. तुम्हाला भीती वाटत होती, हे मला एकदा सांगितलं असतंत तर मी गायले नसते का? अभंग संपल्यावर तुमच्या उशाशी बसले असते, हात धरला असता. मला आईची आठवण यायची तेव्हा आपण दोघं रडलो असतो. ते तुम्ही केलं नाहीत. तुमची भीती माझ्या अंगावर घातलीत, ती काय आहे हे लपवलंत, आणि तिच्यापायी मला वर्गात डुलकी लागली तर वर पट्टी मारलीत. आणि मला विचारायचंय ते असं की, मी जागी तुमच्यासाठी, पण माझा श्वास अडकला असता तर? आईचा दमा मला असता तर? तुम्ही तर मी जागी आहे म्हणून घोरत होता. माझ्यासाठी त्या घरात कोण जागं होतं?

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तुमच्या ओळखीचाच, लग्नात तुम्ही त्याच्याशी फार बोलला नव्हता. आता पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. बोलायला कमी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्पीकर उचलून आपल्या बाजूला, माझा हात पोचणार नाही असा ठेवला. "तू पड," म्हणाला. "मी जागो रवतंय. मीच बंद करतलंय." भिंतीला टेकून, मांडी घालून बसला. संतूर लागलं. दहा मिनिटांत त्याची हनुवटी छातीवर आली. मी सवयीने कोपरावर उठले, त्याचा श्वास ऐकायला. "पड गो," तो डोळे न उघडता पुटपुटला. "मी जागोच आसंय." मला हसू आलं. मी पडले. संतूर वाजत होतं आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, नवऱ्याचंही नाही, माझंही नाही. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा कावळे ओरडत होते आणि तो तसाच बसून झोपला होता. दिवसभर मान वाकडी करून होडी चालवत होता, आणि पर्यटकांनी विचारलं तर उशी बदलली म्हणून सांगत होता. हे रोज होतं असं नाही. आठवड्यातून तीन रात्री लागते, कधी चार. बाकीच्या रात्री मी आणि छप्पर. डॉक्टरीणबाई म्हणतात, चार म्हणजे पुष्कळ आहेत.

हे पत्र कुठे जायचं नाही. वहीतून पान फाडणारही नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, ती डॉक्टरीणबाईंनाही सांगितली नाही आणि नवऱ्यालाही नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात तुमच्यापाशी होते. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती, तुम्ही काडीसारखे झाला होता, आणि गावात सगळे म्हणत होते की चेडू सासरी गेलां आणि गुरुजी खंगले. तुम्ही माझं मनगट धरलंत. "वायच म्हण गो," म्हणालात. मी हात सोडवून घेतला आणि चादर नीट करत म्हटलं, "बाबा, बाजूचे सगळे झोपलेत." तुम्ही मान हलवलीत, बरं म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. संध्याकाळचे पाच वाजले होते, भेटायची वेळ होती. कुणाचा मुलगा हसत होता, कुणी डब्याचं झाकण उघडत होतं, सगळा वॉर्ड बोलत होता. तुमचे कान शेवटपर्यंत चांगले होते.